सावकाश होऊ द्या

युरोपची सहल आता आपल्या भागाला नवी राहिलेली नाही. निवृत्त शिक्षक, व्यापारी, परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील आठ-दहा दिवसांत पॅरिस आणि स्वित्झर्लंड पाहून येतात. परत आल्यावर रक्तदाब तपासायला आले की गप्पा निघतात आणि एक प्रश्न हमखास येतो. मध्यंतरी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तो अगदी आपल्या बीडच्या बोलीत विचारला, ‘डॉक्टरसाहेब, ती माणसं लोणी खातेत, चीज खातेत, वर गोड खातेत. मग त्यांच्या ढेऱ्या कामून सुटत नाहीत?’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच प्रश्नावर वैद्यकशास्त्राने बरीच वर्षे डोके खाजवले आहे. त्याच्या उत्तरात मधुमेह, वजन आणि रक्तदाबाच्या आपल्या रुग्णांना उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

वाइनची दंतकथा

फ्रेंच लोक लोणी, चीज असे प्राणिजन्य स्निग्ध पदार्थ भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू इतर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, असे आकडेवारीत दिसत होते. याला ‘फ्रेंच विरोधाभास’ असे नाव पडले. १९९२ मध्ये सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून त्याचे बरेचसे श्रेय वाइनला दिले. लोकांनी त्यातले सोयीचे तेवढे उचलले. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य तेव्हापासून जगभर फिरते आहे. आपल्याकडे तर ते देशी दारू घेणाऱ्यांच्याही तोंडी ऐकू येते.

हे श्रेय पुढे टिकले नाही. थोडी वाइन पिणारी माणसे बहुधा सुस्थितीतली, चालणारी-फिरणारी आणि वेळेवर उपचार घेणारी असतात. न पिणाऱ्यांमध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जातात. त्यामुळे तुलनाच लंगडी होती. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही. मद्य कर्करोगकारक आहे, हे तर १९८८ पासून नोंदलेले आहे. खुद्द फ्रान्समध्ये दारूमुळे वर्षाला सुमारे ४१ हजार मृत्यू होतात, असा तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. दारूच्या जाहिरातींवर कडक बंधने घालणारा कायदा त्यांनी १९९१ मध्येच केला. तेव्हा यकृत सुजलेल्या माणसाने फ्रेंचांचा दाखला देऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. पण वाइन बाजूला ठेवल्यावर जे उरते, ते मोलाचे आहे.

एक जेवण, दीड तास

पुतणी लिऑन शहरात शिकायला आहे, म्हणून आम्ही उभयता तिच्याकडे आठवडाभर राहून आलो. लिऑन म्हणजे फ्रान्समधले खवय्यांचे शहर. तिथे ‘बुशाँ’ नावाच्या लहान खानावळी असतात. दाराशी फळ्यावर खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले असतात. यादी लांबलचक नसते. सव्वाबारा वाजता आत गेलो, तेव्हा अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. एक वाजेपर्यंत सगळ्या भरल्या.

आम्ही शाकाहारी. पहिल्यांदा आली हिरव्या मसुरीची कोशिंबीर. कांदा, मोहरीची चटणी आणि व्हिनेगर घातलेली, थंड. जवळच्या ‘ल प्वी’ भागातली ही मसूर फ्रान्समध्ये नावाजलेली आहे. चव वेगळी, पण जातकुळी आपल्या मटकीच्या उसळीची. ती संपेपर्यंत पुढचे काही आले नाही. मग साय घालून भाजलेले बटाट्याचे काप आणि भाज्या. मग दोन बोटांएवढा चीजचा तुकडा. शेवटी लहानशा वाटीत गोड. कॉफी सगळ्यात शेवटी, बिनदुधाची, चार घोटांची. पाणी नळाचे, काचेच्या सुरईतून, फुकट. पाव बरोबर होताच.

आजूबाजूला ऑफिसातली माणसे, बांधकामावरचे दोन कामगार, एक आजी आणि तिचा नातू. मोबाइल खिशात. बोलणे चालू. आम्ही उठलो तेव्हा पावणेदोन झाले होते. पोट भरले होते, जड मात्र झाले नव्हते. एकूण खाल्ले त्याचा हिशेब केला, तर आपल्याकडच्या एखाद्या ‘अनलिमिटेड थाळी’च्या निम्म्याहूनही कमी भरला असता.

फ्रेंचांच्या सणासमारंभाच्या जेवणपद्धतीला २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात कोणत्या एका पदार्थाचा गौरव नाही. चांगला जिन्नस निवडणे, ठरावीक क्रमाने किमान चार वाढण्या, मांडलेले टेबल आणि सोबतीने जेवणे, या साऱ्या रिवाजाचा तो गौरव आहे.

पोटाचा निरोप मेंदूला

आता या रिवाजामागचे शरीरशास्त्र पाहू. अन्न पोटात गेले, की जठर ताणले जाते आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते. अन्न लहान आतड्यात उतरू लागले, की आतड्याच्या अस्तरातून काही संप्रेरके रक्तात सुटतात. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांमुळे सध्या गाजत असलेले ‘जीएलपी-१’ त्यांपैकीच एक. ते इंजेक्शन ज्या संप्रेरकाची नक्कल करते, ते आपले आतडे प्रत्येक जेवणानंतर थोड्या प्रमाणात तयार करतच असते. ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याचा हात तोपर्यंत दुसऱ्यांदा भाताकडे गेलेला असतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना तेवढेच आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला दिले. सावकाश खाल्ल्यावर भूक शमवणारी संप्रेरके रक्तात अधिक वाढली. आइस्क्रीम तेच होते, फरक फक्त वेगाचा होता.

दुसरी गोष्ट क्रमाची. अमेरिकेत २०१५ मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या अकरा रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. एकदा त्यांनी पाव आणि संत्र्याचा रस आधी घेतला आणि पंधरा मिनिटांनी भाज्या व चिकन. दुसऱ्यांदा क्रम उलटा केला. भाज्या-प्रथिने आधी घेतली, तेव्हा एका तासानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. प्रयोग लहान होता, पण नंतरच्या अभ्यासांतही हाच कल दिसला. फ्रेंच जेवणाची सुरुवात कोशिंबिरीने होते, ती मधुमेहासाठी आखलेली नाही. पण तिचा फायदा होतो.

तिसरी गोष्ट ताटाच्या आकाराची. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पॅरिस आणि अमेरिकेतले फिलाडेल्फिया या शहरांतली उपाहारगृहे प्रत्यक्ष वजनकाटा घेऊन तपासली. पॅरिसमध्ये एका माणसाला वाढले जाणारे अन्न सरासरी २७७ ग्रॅम, तर फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम भरले. गंमत म्हणजे मॅकडोनाल्डमध्येसुद्धा पॅरिसचा माणूस सरासरी २२ मिनिटे बसला, अमेरिकेतला १४ मिनिटे. कमी वाढलेले अन्न त्याने जास्त वेळ घेऊन खाल्ले.

एक वाजता अर्धा देश ताटावर

फ्रान्समध्ये दुपारी एक वाजता जवळपास निम्मे लोक जेवत असतात, असे तिथल्या सरकारी पाहणीत दिसले आहे. दिवसभरात फ्रेंच माणूस खाण्यापिण्याला दोन तासांहून अधिक वेळ देतो. पण तो सारा वेळ दोन-तीन बैठकांत जातो. मधल्या वेळेत तोंड बंद असते. मुलांना दुपारी चार-साडेचारला शाळा सुटल्यावर एक खाऊ मिळतो, त्यालाही नाव आणि वेळ ठरलेली आहे.

हे निव्वळ स्वभावामुळे टिकलेले नाही. कामाच्या टेबलावर डबा खाऊ देण्यास तिथल्या कामगार संहितेत मनाई होती. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ती सैल करावी लागली तेव्हा त्याची बातमी झाली. शाळांमधली खाऊ-शीतपेयांची यंत्रे २००५ मध्ये कायद्याने काढून टाकली. शाळेच्या जेवणात केचप आणि मेयोनीज मुलांच्या हाताशी मोकळे ठेवायचे नाही, असा २०११ चा नियम आहे. गोड शीतपेयांवर २०१२ पासून कर आहे. एकट्यादुकट्या माणसाने निश्चय करावा आणि टिकवावा, एवढ्यावर हा देश विसंबून राहिला नाही. जेवणाची वेळ समाजाने राखली आणि सरकारने तिला कुंपण घातले.

ते कुंपण जिथे मोडते, तिथे फ्रेंचही घसरतात. तिथल्या प्रौढांमधले स्थूलतेचे प्रमाण १९९७ मध्ये साडेआठ टक्के होते, २०२० मध्ये ते १७ टक्क्यांवर गेले. फास्टफूड, घरपोच डबे आणि पडद्यासमोरचे खाणे तिथेही वाढते आहे. म्हणजे बारीक राहण्याचे वरदान त्यांच्या रक्तात नाही.

आपली पंगत आणि त्यांचा बुफे

हे सगळे पाहताना मला सारखी पंगत आठवत होती. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. श्लोक. मग वाढपी एकेक पदार्थ घेऊन फिरणार, दोन वाढण्यांमध्ये आपोआप उसंत मिळणार. शेवटी ताक. आणि यजमान हात जोडून ओळीतून फिरताना म्हणणार, ‘सावकाश होऊ द्या.’ फ्रेंच माणूस घास घेण्याआधी ‘बोन आपेती’ म्हणतो, म्हणजे ‘तुम्हाला छान भूक लागो.’ आपल्या यजमानाचे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या जास्त नेमके आहे.

आज लग्नाच्या मंडपात काय चालते ते आपण पाहतो. हातात जड ताट, त्यात पनीर, पुलाव, जिलबी, चायनीज हे सगळे एकदम, रेटारेटीत उभ्या-उभ्या दहा मिनिटांत संपवलेले. परत रांगेत उभे राहायला नको म्हणून पहिल्याच फेरीत दुप्पट घेतलेले. ‘बुफे’ हा शब्द मूळ फ्रेंच. त्यांच्याकडून शब्द आला, पण त्यांची बैठक मागे राहिली आणि आपली होती ती आपण उठवली. हरिनाम सप्ताहात काल्याच्या दिवशी अजून पंगती बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी मुले ओळीने बसून खातात. त्या ओळीचे मोल आपल्याला कळलेले नाही.

पंगतीचे सगळेच चांगले होते, असे मात्र नाही. कोणी कुठे बसायचे हे जात ठरवत होती. बायका शेवटी जेवत होत्या, उरलेले खात होत्या. हे शेवटी जेवणे अजून संपलेले नाही. लिऑनमध्ये स्वयंपाक करणारी आई त्याच टेबलावर, त्याच वेळी, तेच खाताना दिसते. आपल्याकडे सगळ्यांचे झाल्यावर ती कढईतली खरवड आणि सकाळची भाकरी घेऊन ओट्याशी बसते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. त्याची कारणे अनेक आहेत. पण लोहाच्या गोळ्या लिहून देताना मी आता ‘घरात तुम्ही कधी जेवता?’ हेही विचारतो.

आणि ऊसतोड कामगारांचे काय? दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन जातात. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते. फडात ती थंड भाकरी खाल्ली जाते गाडी भरण्याच्या घाईत, कधी बारा वाजता तर कधी तीन वाजता. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्याने साखर एकदम उतरून शुद्ध हरपलेले रुग्ण अशाच परिस्थितीतून येतात. त्यांना ‘बत्तीस वेळा चावून खा’ म्हणणे म्हणजे चेष्टा आहे. त्यांच्यासाठी जेवणाची सुट्टी हाच औषधोपचार आहे आणि ती देणे मुकादम, कारखाना आणि शासन यांच्या हातात आहे. बांधकामावरचा फ्रेंच कामगार खुर्चीवर बसून जेवतो, ते त्याची सुट्टी कोणी बुडवत नाही म्हणून.

सीताफळ आणि चीज

रोकफोर नावाचे फ्रेंच चीज एका ठरावीक गावच्या गुहांमध्येच मुरवायचे असते. १९२५ पासून त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या आपल्या बीडच्या सीताफळालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फ्रेंच माणूस रोकफोरचा लहानसा तुकडा दहा मिनिटे पुरवतो, त्याच्यावर बोलतो. आपण टीव्हीसमोर पाटीभर सीताफळे कधी संपली ते कळत नाही. ‘साखर आहे, सीताफळ खाऊ का?’ असे रुग्ण विचारतात. साखर आटोक्यात असेल तर एखादे लहान सीताफळ, जेवणातली अर्धी भाकरी कमी करून, निवांत बसून खा, असे मी सांगतो. बिया काढत खाण्याचे फळ आहे, त्याला घाई चालतच नाही.

देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आपल्या आहारातली साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा भात, पोळी, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येते. म्हणून बगेत आणि चीज आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची चटणी, मेथी, ताक हे सगळे घरात आहे. भाकरीतही पिष्ट असतेच, तेव्हा ती मोजून खावी. घरी एवढे करून पाहा:

• ताटात आधी काकडी, मुळा, कांदा, उसळ घ्या. ती अर्धी झाल्यावर भाकरीला हात लावा.

• भाकरीची थप्पी आणि भाताचे पातेले ताटाशेजारी ठेवू नका. पुन्हा हवे असेल तर उठून घ्यावे लागेल असे करा.

• जेवण किमान वीस मिनिटे चालू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

• सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी, टोस्ट, फरसाण हे ‘खाणे’ म्हणून मोजा.

• रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी घ्या. निदान एक वेळ तरी घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवा, स्वयंपाक करणारीसह.

फ्रान्सला जाणार असाल तर

• तिथली उपाहारगृहे साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर जेवण देतात. मधल्या वेळेत बहुतेकांचे स्वयंपाकघर बंद असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी औषध ताट समोर येण्याच्या बेतानेच घ्यावे. खिशात ग्लुकोज किंवा साखर असू द्यावी.

• तिथले घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास असते. औषधांच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

• कच्च्या दुधाचे मऊ चीज गर्भवतींनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी टाळावे. त्यातून लिस्टेरिया जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.

• चीज आणि पाव दोन्ही खारट असतात. रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांनी प्रमाण सांभाळावे.

• शाकाहारी लोकांनी स्पष्ट विचारावे. कोशिंबिरीत डुकराच्या मांसाचे तुकडे आणि कांद्याच्या सूपमध्ये गोमांसाचा अर्क असू शकतो. अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातले विकर वापरून विरजलेली असतात.

• मधुमेहाची औषधे घेऊन उपाशीपोटी वाइन घेतल्यास काही तासांनी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

• तूप आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे. चकल्या आणि भडंग खुशाल न्या.

एक विनंती मात्र आहे. सहल कंपन्या पॅरिसमध्ये साडेसहाला भारतीय जेवण देऊन मोकळ्या होतात. भात-डाळ मिळाल्याचा आनंद समजू शकतो. पण निदान एक दुपार त्यातून सोडवून घ्या आणि एखाद्या लहान खानावळीत तास-दीड तास बसा. आयफेल टॉवरचा फोटो घरी आणता येतो, तशी ही सवयही आणता येते. आणि जे फ्रान्सला जाणार नाहीत, त्यांनी आज रात्री ताट समोर आल्यावर घड्याळ बघावे. किती मिनिटांत उठलात, तो आकडा पुढच्या तपासणीला येताना साखरेच्या आकड्याबरोबर जरूर सांगा.